सैल सोडा म्हणणारा माणूस

अहो, माणसाने मरताना तरी जरा वेगळं दिसावं.

रोज दुपारी जेवण झालं की तुम्ही हॉलमध्ये सतरंजी अंथरून उताणे पडायचात. हात बाजूला, तळवे वर, पावलं बाहेर कललेली. "मी झोपलेलो नाही, मी सैल सोडतोय," हे इतक्या वेळा ऐकवलंत की मी विचारायचंच सोडून दिलं होतं. त्या दिवशीही तसेच पडला होतात. मी तुम्हाला वळसा घालून बाल्कनीतले कपडे काढले, वळसा घालून परत आले, घड्या घालता घालता पाण्याच्या टँकरवरून कुरकुर केली, सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावा म्हणून सांगितलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. त्या वेळात तुम्ही कधीच उत्तर देत नव्हतात. चहा झाला तरी उठला नाहीत, तेव्हा मी चिडून हाक मारली. मग जवळ जाऊन मारली. मग खाली बसले.

आता भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "किती शांत गेले हो कर्नलसाहेब!" मला ओरडावंसं वाटतं. शांत गेले काय? मला काही कळू न देता गेले, असं म्हणा. उभ्या संसारात या माणसाने मला जे जे कळू दिलं नाही, त्यात आणखी एकाची भर.

तुमची पदकं, पोस्टिंग, जन्मगाव हे सगळं तुमच्या बहिणीने इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहून पाठवलं आहे. गणवेशातला फोटोही दिला आहे. त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. मला फक्त आपलं भांडण पुरं करायचं आहे. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

काश्मीरची ती दुसरी पोस्टिंग संपवून तुम्ही दिल्लीला आलात, तेव्हा आपण लक्ष्मीबाई नगरात राहत होतो, माझ्या नोकरीवर मिळालेल्या क्वार्टरमध्ये. आपली लेक मुग्धा शाळेत होती. आता साहेब दिल्लीतच, आता सगळं सुरळीत होणार, असं मी ऑफिसात सांगूनही टाकलं होतं. मग दिवाळी आली. समोरच्या ब्लॉकच्या मुलांनी लड लावली आणि तुम्ही बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलात. बादली भरली, वाहिली, पाणी दाराखालून बाहेर आलं. मी कडी वाजवून विचारलं, "पोट बिघडलंय का?" तुम्ही आतून म्हणालात, "हो." मी तुम्हाला ओवा दिला. त्यानंतर कितीतरी दिवाळ्यांना मी तुम्हाला ओवा देत राहिले आणि तुम्ही मुकाट्याने खात राहिलात! एक शब्द बोलला असतात तर निदान ओवा तरी वाचला असता.

लग्नाकार्यात तुम्ही भिंतीला पाठ लावूनच बसायचात. मंडळाच्या गणपतीत ढोल सुरू झाला की तुम्हाला गाडी नीट लावली आहे का ते बघून यायचं असायचं. झोपेत माझं मनगट असं आवळायचात की मी उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे ब्लाउज घालून ऑफिसला जायचे. आणि घरात तुमचं मराठी कमी झालं. "चलो, निकलते हैं." "मीठ पास कर." मला वाटलं, दिल्लीची हवा लागली. मी तर चारचौघांत थट्टाही करायचे, आमच्याकडे कर्नलसाहेब फक्त देवाशी मराठी बोलतात म्हणून. तुम्ही हसायचात. विचारलं तर एकच, "काही नाही गं. थकलोय."

मग तो कॅम्प झाला. छावणीत जवानांना ताण कमी करायचं प्रशिक्षण द्यायला एक मानसशास्त्रज्ञ बाई येणार होत्या आणि चादरी-चहा-हजेरी बघायला तुमची नेमणूक झाली. आठवडाभर तुम्ही जेवताना चरफडत होतात. "आता फौजेला झोपायला शिकवणार! आम्ही बंकरमध्ये उभ्या उभ्या झोपलेली माणसं." पहिल्या दिवशी तुम्ही शेडच्या मागे हाताची घडी घालून उभे राहिलात. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही उभे असाल तर यांच्यातलं कुणी आडवं होणार नाही." मग नाइलाजाने तुम्ही पडलात. मुठी आवळा, सोडा. जबडा घट्ट धरा, सोडा. श्वास घेतला त्याहून सावकाश बाहेर जाऊ द्या.

संध्याकाळी घरी आलात ते बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात.

"आज मला झोप लागली," म्हणालात.

"कुठे?"

"ड्रिल शेडमध्ये. जमिनीवर."

"मग?"

"मग काय. जेवणाची वेळ झाली. सगळे जवान माझ्या बाजूने चवड्यांवर चालत बाहेर गेले म्हणे. कुणी उठवलंच नाही."

तुमचा चेहरा असा होता की रागवावं की औषध आणावं मला कळेना. तुम्ही लाजला होतात. आणि ताजे दिसत होतात. लग्नाच्या वेळी होतात तसे.

तिथून तुम्ही हातचे गेलात. त्या बाईंच्या मागे लागून सगळं शिकलात, पुढचे कॅम्प मागून घेतलेत आणि घरी आल्यावर माझ्यावर सराव सुरू केलात. अहो, दूध उतू जात असताना कुणी बायकोला सांगतं का, खांदे सैल सोड म्हणून? मुग्धाची दहावीची परीक्षा, मी तिला भूमितीवरून ओरडतेय आणि तुम्ही मागून, "दोघींनी आधी श्वास सोडा." मला कधीच जमलं नाही. मी डोळे मिटले की मला गॅस चालू आहे का ते आठवायचं. तुम्ही म्हणायचात, "तू माझी सगळ्यात वाईट विद्यार्थिनी." मी म्हणायचे, "घरात कुणीतरी जागं राहायला हवं ना."

पण तुम्हाला झोप लागायला लागली. अगदी रोज नाही, तरी लागायला लागली. माझ्या बाह्या आखूड झाल्या. त्याबद्दल मी त्या बाईंचे आभार मनातल्या मनात मानले. तुमचे मानले नाहीत, कारण काय बरं होतंय हे कळायला काय झालं होतं ते तरी माहीत हवं.

निवृत्तीनंतर आपण फरीदाबादला आलो. मला वाटलं, आता फिरू, मुग्धाकडे चार दिवस राहू. तुम्ही महिन्याभरात सेक्टरच्या कम्युनिटी हॉलची किल्ली मिळवलीत आणि माजी सैनिकांचा रविवारचा वर्ग सुरू केलात. सतरंज्या आपल्या घरच्या आणि चहा माझा. आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. पांढरे शर्ट, ताठ माना आणि दार वाजलं की एकदम वळणारे डोळे. तुम्ही त्यांना कधी खोटं सांगितलं नाहीत, हे मात्र मी मानते. "इससे कुछ मिटता नहीं. बस, मुट्ठी खुलती है," म्हणायचात. ज्याचं जास्त आहे असं वाटायचं त्याला स्वतः गाडीत घालून इस्पितळात डॉक्टरांकडे न्यायचात. माझ्या गुडघ्याची अपॉइंटमेंट चुकवून न्यायचात, पण न्यायचात.

रणबीर आठवतो ना? आठवणारच. पलवलकडच्या गावातला निवृत्त हवालदार. त्याची गाडी सुरुंगावर गेली होती, तेव्हापासून त्याला मोठ्या रस्त्यावर गाडी चालवता यायची नाही. त्याची बायको संतोष त्याला स्कूटीवर मागे बसवून आणायची. गावातली माणसं हसायची, तरी आणायची. तो वर्गात आला की भिंतीला टेकून बसायचा आणि डोळे मिटायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या रविवारी तुम्ही त्याला विचारलंत. मी मागे थर्मास उघडत होते.

"साहब, आँख बंद करते ही वही दिखता है," तो म्हणाला.

"तो खोल के रख. किसने कहा बंद कर? दरवाज़े की तरफ़ मुँह करके बैठ. जूते भी पहने रख."

"सब बंद करते हैं, साहब."

"मैं भी नहीं कर पाता था."

आणि मग तुम्ही सांगितलंत. त्या सगळ्यांना, हिंदीत, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं. पहाटे रस्ता मोकळा करायला निघालेली तुकडी. तुमच्या गाडीतला रेडिओ नीट चालत नव्हता म्हणून तुम्ही तुमच्या ऑपरेटरला पुढच्या गाडीत जायला सांगितलंत, तिथून निरोप दे म्हणून. नाईक जगदाळे. तो उतरला, पुढे गेला, चढला. पुढची गाडी वळणावर पोचली. तुम्ही म्हणालात की स्फोटाचा आवाज तुम्हाला आठवतच नाही. आठवतो तो आधीचा रेडिओवरचा त्याचा आवाज. तो तुम्हाला काहीतरी विचारत होता आणि तुम्ही उत्तर द्यायला बटण दाबलं होतं.

रणबीरने खाली मान घातली. मी कप भरत होते. कप भरून चहा टेबलावर सांडला आणि टेबलावरून माझ्या चपलेवर, तरी मी ओततच होते.

त्या दिवशी आपल्याला मुग्धाकडे जेवायला जायचं होतं. बदरपूरला गाडी अडकली. तुम्ही समोर बघत होतात. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"काय?"

"काय म्हणून विचारू नका."

तुम्ही गियर टाकलात, पुन्हा काढलात. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. मग म्हणालात, "तो माझ्याशी मराठीत बोलायचा. अख्ख्या कंपनीत आम्ही दोघंच. शेवटचंही मराठीतच बोलत होता. हिंदीत सांगितलं की ती गोष्ट होते. मराठीत सांगायला गेलो की त्याचा आवाज ऐकू येतो."

"काय विचारत होता तो?"

"'साहेब, आता ऐकू येतंय का?'"

मी रडले, मग तुमच्यावर चिडले, मग मुग्धाच्या दाराशी पोचेपर्यंत पुन्हा रडले. तुमचं कारण खरं होतं. पण अहो, खऱ्या कारणानेसुद्धा माणूस एकटा पडतो. इतकी वर्षं माझ्या वाट्याला आलं ते "मीठ पास कर" आणि परक्या माणसांना मिळाली ती गोष्ट. मी तेव्हा म्हटलं, "तुम्हाला वाटत होतं तुम्ही ते घरात आणलं नाहीत. ते घरातच होतं. मी त्याला ओवा देत होते." तुम्ही हसलात आणि डोळे पुसलेत. बदरपूरच्या त्या जाममध्ये.

त्यानंतरच्या दिवाळ्या मात्र चांगल्या गेल्या. हे लिहायलाच हवं, नाहीतर मी नुसतीच कुरकुर करते असं वाटेल. तुम्ही दुपारीच सांगायचात, "आज मला त्रास होणार आहे. तू माझ्याजवळ बस." आपण खिडक्या लावून, पंखा मोठा करून रमी खेळायचो. तुम्ही पत्ते लपवायचात. लवंगी फुटली की तुमचा हात थांबायचा, मी मुद्दाम म्हणायचे, "टाका लवकर, माझं लागतंय." मला त्या दिवाळ्या आणखी हव्या होत्या.

पण आपलं भांडण संपलं नाही. ते संतोषवरून सुरू झालं.

ती दर रविवारी हॉलच्या पायरीवर बसून राहायची. थंडीत शाल डोक्यावरून घेऊन, उन्हाळ्यात खांबाच्या सावलीत. मी तिला चहा नेऊन द्यायचे, ती "जीती रहो" म्हणायची, माझ्याहून लहान असून. एकदा घरी आल्यावर मी म्हटलं, "त्या बाईला आत का बोलवत नाही तुम्ही?"

"बायका असल्या तर पुरुष तोंड उघडणार नाहीत."

"मग तिच्यासाठी वेगळा वर्ग घ्या. तिच्यासारख्या कितीतरी असतील."

आणि तुम्ही, सगळ्या जगाचं दुःख ओळखणारा माणूस, अगदी मनापासून विचारलंत, "पण तिला काय झालंय?"

मी तुमच्याशी बोलणं बंद केलं. सगळ्यात संतापजनक म्हणजे तुमच्या ते लक्षातच आलं नाही. तुम्ही आनंदाने सैल सोडत बसलात. शेवटी मीच येऊन भांडले. म्हटलं, तिचा नवरा रस्त्यावर दचकतो तेव्हा स्कूटी सांभाळतं कोण? तो घरात गप्प बसतो तेव्हा पोरांना काय सांगायचं हे ठरवतं कोण? स्फोट त्याच्या गाडीखाली झाला, बिल्कुल मान्य, पण तिचं घर काय लांब होतं? तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी म्हणालात, "तुझं बरोबर आहे." मग म्हणालात, "पुढच्या महिन्यापासून करू." मग उन्हाळा आला, मग सणवार, मग तुमचा मोतीबिंदू. मी आठवण केली की तुम्ही म्हणायचात, "तूच का नाही घेत?"

"मी? मला पाच मिनिटं गप्प बसता येत नाही."

"तेही खरंय," म्हणायचात आणि पेपर उघडायचात.

गेलात त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा हाच विषय होता. तुम्ही म्हणालात, पुढच्या महिन्यापासून.

तेराव्याला तुमचे सगळे विद्यार्थी आले. इस्त्रीचे कपडे, पदकं लावलेली. पुण्याहून आलेल्या आपल्या माणसांना हे कोण एवढे लोक ते कळेना. ते ओळीने उभे राहिले आणि सगळ्यांनी डोळे मिटले. रणबीरचे उघडे होते. तो तुमच्या फोटोकडे बघत उभा होता, नजर हलली नाही. मग ते आपापसांत ठरवून मोकळे झाले की वर्ग बंद पडणार नाही, आता रणबीर घेईल. मला फक्त कळवलं. चहाचं काय, तेही विचारलं नाही. तुमचेच विद्यार्थी शोभतात.

माणसं पांगली तेव्हा संतोष स्वयंपाकघरात आली. मी तोंड धुत होते. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"भाभीजी, एक बात पूछूँ? बुरा तो नहीं मानोगी?"

"पूछ."

"साहब रात को सोते थे?"

त्या तेरा दिवसांत मला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. पेन्शनचं, अस्थींचं, एकटी कशी राहणार याचं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "बहुत साल नहीं सोते थे. मेरा हाथ पकड़ के मरोड़ देते थे."

"ये लात मारते हैं," ती म्हणाली. "मैं बीच में तकिया रखती हूँ. सुबह पूछते हैं, ये तकिया किसने रखा? मैं कहती हूँ, गरमी थी."

"गरमी?"

"जनवरी में भी."

अहो, मी हसले. तुमच्या तेराव्याला, ओल्या तोंडाने, ओट्याला धरून हसले. तीही हसायला लागली आणि मग आम्हाला थांबताच येईना. तुमची बहीण दारात येऊन बघून गेली. तिला वाटलं असणार, हिचं डोकं फिरलं. मी तिला ओव्याची गोष्ट सांगितली, संतोषला. ती जमिनीवर बसून हसली. मग आम्ही दोघी रडलो, आणि ते रडणं मला त्या सगळ्या दिवसांत आलेलं पहिलं बरं रडणं होतं.

पुढच्या रविवारी तिने रणबीरला हॉलवर सोडलं आणि ती पायरीवर बसली नाही. सरळ आपल्याकडे आली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी दोघींना घेऊन आली. तुमचा वर्ग तिकडे चालतो, माझ्याकडे हा. त्याला वर्ग म्हणायचं की नाही मला माहीत नाही. तुमच्याकडे माणसं गप्प बसायची, इथे कुणी गप्प बसत नाही. एकमेकींचं बोलणं तोडतात, मटार सोलतात, नवऱ्यांच्या नकला करतात. मधेच एखादी थांबते आणि बाकीच्या तिला थांबू देतात. मी तुमच्यासारखं श्वास घ्या, सोडा करायला गेले एकदा. एक जण म्हणाली, "भाभीजी, ये घर पे करवाते हैं, यहाँ मत करवाओ." तुम्ही असतात तर भिंतीला कान लावून ऐकलं असतंत आणि मग मला त्याची पद्धत समजावून सांगितली असतीत. पुढच्या महिन्यापासून, म्हणे. पुढचा महिना आला, अहो. तुमच्याशिवाय आला. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. इतक्यात करणारही नाही.

काल संतोष तिच्या धाकट्या जावेला घेऊन आली. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली. नवरा सीमेवर आहे, आता सुटीवर यायचा आहे. त्याच्या तुकडीत काहीतरी घडलंय. फोनवर तो नीट बोलत नाही, "काही नाही, थकलोय" म्हणतो. सगळ्या बोलत होत्या तोवर ती गप्प होती. चहाचे कप उचलायला आत आली आणि माझ्या पाठीमागून म्हणाली, "आंटीजी, वो आएँगे तो मैं क्या करूँ?"

मी गॅस बंद केला. तिच्या हातातले कप काढून घेतले.

"बैठ," मी म्हटलं. "लंबी बात है."